ताट रिकामं आहे, पण जेवण झालंय का?

प्रश्न ताळगावहून आलाय. थोडक्यात असा: फ्लॅटच्या हॉलमध्ये समुद्री माशांसाठी तीन फुटी नवी टाकी, आत कोरडे दगड आणि पाकिटातली पांढरी वाळू. मिरामारहून वीस लिटरचे आठ कॅन समुद्राचं पाणी आणलं, फडक्यातून गाळून टाकीत ओतलं. विशिष्ट गुरुत्व १.०१४ येतंय. पंप चालू, लाइट रोज आठ तास. आज दहावा दिवस. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. दुकानदार म्हणतो, "सायकल झाली, चार डॅमसेल मासे घाला, काटक असतात." चवथीला सात आठवडे राहिलेत, मुलगी पुण्याहून येणार आहे, तिला रिकामी टाकी दाखवायची नाही. मग दुसऱ्या दिवशी सगळे पाच दिवसांसाठी पेडण्याला मूळ घरी जाणार. मासे घालू का?

नका घालू. कारणं सांगतो, त्यात थोडं माझं जुनं दुखणंही येईल.

तुमचे दोन्ही आकडे बरोबर असतील, पाणी तपासायचं किट खोटं बोलत नाहीय. पण शून्य दोन तऱ्हेचं असतं. ताट रिकामं दिसलं तर माणूस जेवून उठलाय की त्याला अजून वाढलंच नाही, हे नुसतं ताट बघून कळत नाही. तुमच्या टाकीत दहा दिवसांत कोणी काही वाढलेलंच नाही. दगड कोरडे, वाळू पाकिटातली, पाणी गाळलेलं. अमोनिया यायचा कुठून? आणि अमोनियाच नाही तर तो खाणारे जीव वाढायचे कशावर? टाकी पहिल्या दिवशी होती तिथेच आहे, फक्त दहा दिवसांची वीज जळाली.

मासा खातो आणि मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. हा अमोनिया खाऊन एका प्रकारचे सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. या साखळीलाच टाकीवाले सायकल म्हणतात. नायट्रेट माशांना बराच सोसतो, तो पाणी बदलून काढता येतो. हे जीव पाण्यात फारसे तरंगत नसतात. दगडावर, वाळूच्या कणाकणावर, पाइपच्या आतल्या अंगाला पातळ थर धरून बसतात. म्हणून "जुनं पाणी दे रे थोडं" म्हणून मित्राकडून बादलीभर पाणी आणण्यात फार काही हाती लागत नाही. मागायचाच तर दगड मागा.

आणि हे जीव सावकाश वाढतात. सान्नांचं पीठ रात्रभरात वर येतं, कारण आंबवणारे जीव तास-दोन तासांत दुप्पट होतात. आपल्या अमोनिया खाणाऱ्यांना दुप्पट व्हायला अर्धा दिवस ते एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. त्यामुळे मूठभर जीवांपासून टाकी भरेपर्यंत आठवडे जातात. घाई करून पीठ फुगत नाही, तसंच हेही.

थोडं विषयांतर करतो. विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जीव १८९० च्या सुमारास वेगळे काढले. त्यानंतर कित्येक दशकं टाकीवाल्यांच्या तोंडी दोनच नावं होती, नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर. १९९८ मध्ये दाखवून दिलं गेलं की गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइट खाण्याचं काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो, नायट्रोबॅक्टर नव्हे. पुढे २००५ मध्ये तर सिएटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या खाऱ्या टाकीतल्या दगडगोट्यांवरून अमोनिया खाणारा असा एक जीव मिळाला, जो जिवाणूच नाही. तो आर्किया या वेगळ्याच गटातला निघाला. एवढं सांगायचं कारण, जिवाणूंच्या विकतच्या बाटलीवर जुनीच दोन नावं मोठ्या अक्षरांत छापलेली दिसली की मी जरा थांबतो आणि तारीख वाचतो.

आता डॅमसेल. ते काटक असतात हे खरं. काटक म्हणजे मरायला जास्त दिवस लागतात. खाऱ्या पाण्यात अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा घातक ठरतो, त्याचं कारण पीएच. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं मोकळं रूप कल्ल्यांतून आत शिरून मासा मारतं. पीएच ७ च्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियातला अर्धा-पाऊण टक्काच मोकळा असतो. पीएच ८.२ च्या समुद्री पाण्यात, आपल्याकडच्या तापमानाला, तो पाच-सहा टक्क्यांवर जातो. किटवर आकडा तोच, विष आठ-दहा पट. गोड्या पाण्यात गोल्डफिश पाळलेली माणसं नेमकी इथे फसतात.

मीही फसलो होतो. पहिली टाकी लावली ती जूनमध्ये. दोन दिवस पावसाने उघडीप दिली म्हणून दोनापावलच्या धक्क्यावरून पाणी आणलं, आठवडाभर फिरवलं, आणि दुकानातून सहा निळे डॅमसेल आणले. दोन दिवस काय सुरेख पोहत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या धारेजवळ जमले. कल्ल्यांची झाकणं भराभर हलत होती, आतला रंग गडद लाल. मला वाटलं भूक लागली असेल. मी आणखी खाणं टाकलं! पाचव्या दिवशी सकाळी पाच मेलेले, सहावा पंपामागे आडवा, एक कल्ला उघडतोय, मिटतोय. आई म्हणाली, "बाजारातनं आणलेले बरे, निदान तळता तरी येतात." अठरा-एकोणीस वर्षं झाली, अजून मला ते बोलणं ऐकू येतं.

आणि समजा डॅमसेल जगले, तरी पुढचा त्रास आहेच. महिन्याभरात तेच टाकीचे भाटकार, म्हणजे जमीनदार होतात. मागाहून येणाऱ्या प्रत्येक माशाला कोपऱ्यात दाबून मारतात, आणि त्यांना पकडायचं तर सगळे दगड बाहेर काढावे लागतात.

पाण्याकडे येऊ. तुमचं १.०१४ म्हणजे क्षारता हजारी एकोणीसच्या, म्हणजे हजार भागांत एकोणीस भाग मिठाच्या आसपास. खऱ्या समुद्राची हजारी ३५, म्हणजे गुरुत्व १.०२६. तुमच्या कॅनमध्ये जवळजवळ निम्मी मांडवी आलीय. यात तुमचा दोष नाही, महिना जुलैचा आहे. आपल्याकडे पावसाळ्यात शंभर-सव्वाशे इंच पाणी पडतं आणि ते सगळं मांडवी-झुआरीतून खाली येतं. त्याबरोबर लाल माती, गटारांचं पाणी, बोटींचं तेल. पावसाळा तोंडावर आला की किनाऱ्यावर डांबराचे गोळे लागतात ते तर तुम्ही पायाला चिकटवून घरी आणले असतीलच. समुद्र दोन किलोमीटरवर असताना विकतचं मीठ का घ्यायचं, हा प्रश्न गोव्यात प्रत्येक नवा माणूस विचारतो. डिसेंबर ते मार्चमध्ये, खोल पाण्यात जाणाऱ्या ट्रॉलरवाल्याकडून, भरतीच्या वेळी आणि नदीमुखापासून लांबचं पाणी मिळालं तर मीही ते वापरलंय. अंधारात झाकून दोन आठवडे ठेवायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं तेवढं घ्यायचं. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर धक्क्याला बांधलेले. म्हणजे आत्ता तो मार्गही नाही. हे पाणी ओतून टाका. मीठ घालून क्षारता वाढवता येईल, पण गाळ आणि गटार वाढवलेल्या क्षारतेतही तिथेच राहतं.

दुसरी एक युक्ती कोणी ना कोणी सुचवेलच: "आगरातलं मीठ घे, नाहीतरी समुद्राचंच ना!" नाही चालणार. मिठागरात पाणी आटतं तेव्हा कॅल्शियमचे क्षार, म्हणजे चुन्याचा अंश आणि जिप्सम, आधी खाली बसतात. मग साधं मीठ धरतं. मॅग्नेशियम बरंचसं मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतं, आणि ते पाणी मीठकार सोडून देतात. हातात येतं ते बहुतांशी सोडियम क्लोराइड. आंब्याच्या लोणच्याला त्याच्यासारखं मीठ नाही, पण त्यात पीएच धरून ठेवणारा क्षार नाही की कवचवाल्या जीवांना लागणारं कॅल्शियम नाही. मत्स्यालयाचं मीठच घ्या. लिटरमागे ३६ ते ३८ ग्रॅम लागतं.

मीठ विरघळवायला आरओचं पाणी. ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राहून येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो जिवाणूंना नको. गावच्या विहिरीचं पाणी चिऱ्याच्या थरातलं, मऊ असतं पण बऱ्याचदा आम्लधर्मी आणि लोहवालं. घरच्या प्यायच्या आरओचं पाणी चालतं, पण एक गोम आहे: चव यावी म्हणून बऱ्याच यंत्रांत थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतात किंवा खनिजांचा डबा बसवलेला असतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या आणि नळी यंत्राच्या आत, त्या डब्याच्या आधी जोडून मोजा. दहाच्या खाली आलं तर ठीक. पाण्यात मीठ घाला, मिठात पाणी ओतू नका, नाहीतर तळाशी पांढरा थर बसतो तो पुन्हा विरघळत नाही. रात्रभर पंपाने फिरवा, मग मोजा. गुरुत्व मोजायला तरंगत्या काट्याऐवजी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणारी नळी, घेतलात तर बरं, आणि तो नुसत्या आरओ पाण्यावर शून्याला आणण्यापेक्षा हजारी ३५ च्या प्रमाणित द्रावणावर लावून घ्या.

आता वाढायचं काय. जुनी पद्धत सुंगटाची, म्हणजे कोळंबीची. पायमोज्यात एक कच्चं सुंगट बांधून टाकीत टांगायचं आणि कुजू द्यायचं. चालते, पण तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये बाजाराच्या मागच्या गल्लीचा वास येतो, किती अमोनिया सुटला याचा काही मेळ लागत नाही आणि सुंगटातला फॉस्फेट पुढे हिरव्या शेवाळाला खतपाणी घालतो. चिमूटभर माशांचं खाणं रोज टाकणं थोडं बरं, पण तेही अंदाजपंचे.

मी नवसागर वापरतो. हो, तोच, कल्हईवाला भांड्यावर टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा तो. रसायनशाळेत त्याला अमोनियम क्लोराइड म्हणतात. फक्त बाजारातला ढेपेचा नवसागर घेऊ नका, त्यात काय काय असतं देव जाणे. प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्या दुकानात शुद्ध मिळतो, शंभर ग्रॅमची बाटली तुम्हाला दहा टाक्यांना पुरेल.

हिशोब सोपा आहे. तुमची टाकी तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. कागदावर १९० लिटर, पण दगड, वाळू आणि वरची चार बोटं सोडली तर पाणी १६० लिटरच. अमोनिया २ पीपीएमवर, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅमवर न्यायचा तर १६० लिटरला ३२० मिलिग्रॅम अमोनिया हवा, आणि तेवढा बरोबर एक ग्रॅम नवसागरात असतो. आकडा इतका सुबक पडला की मला तुमच्या टाकीचा हेवा वाटला. एक ग्रॅम मोजायला सोनाराचा काटा नको. दहा ग्रॅम अर्धा लिटर आरओ पाण्यात विरघळवा, त्यातलं ५० मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि स्वयंपाकघरात ठेवू नका.

दोनच्या वर नेऊ नका. "जास्त वाढलं तर जास्त जेवतील" असं होत नाही, पाच पीपीएमच्या पुढे हेच जीव मंदावतात आणि टाकी आठवडेच्या आठवडे अडकून बसते. एकाने ओतताना ग्रॅमचा चमचा केला होता, त्याच्या टाकीतला अमोनिया कमी व्हायला सगळा श्रावण गेला. असं झालंच तर निम्मं पाणी बदलायचं, दुसरा उपाय नाही.

बीजासाठी मात्र पैसे किंवा ओळख खर्च करा. सगळ्यात उत्तम, ज्याची खारी टाकी वर्षभर निरोगी चाललीय अशा माणसाकडून फिल्टरमधली मूठभर सिरॅमिक कडी किंवा दगडाचे चार तुकडे. ओल्या फडक्यात गुंडाळून तासाभरात घरी आणायचे, नळाखाली धुवायचे नाहीत. त्याच्या टाकीत नुकता पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला असेल तर मात्र नको. तो परजीवी माशांशिवाय दोन महिन्यांहूनही जास्त दगडाला चिकटून राहू शकतो. ओळख नसेल तर बाटलीतले जिवाणू. ते मेलेले निघतात तेव्हा बहुतेक वेळा गुन्हा बाटली बनवणाऱ्याचा नसतो, बाटली मे महिन्यात कुठल्या तरी पत्र्याच्या गोदामात चार दिवस पडलेली असते. जुलैत मागवताय हे त्यातल्या त्यात बरं. तारीख बघा, टाकीत ओतण्याआधी हलवा, आणि त्या दिवशी यूव्ही दिवा आणि स्किमर, म्हणजे फेसावाटे घाण काढणारं यंत्र, बंद ठेवा.

दगडावरून एक गंभीर गोष्ट. ग्रँड आयलंडच्या बाजूला डुबकी मारणारे किंवा जाळीत आलेलं विकणारे तुम्हाला "जिवंत दगड" नाहीतर समुद्रातला पंखा आणून देतो म्हणतील. घेऊ नका. २००१ पासून दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ आणि हे समुद्री पंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. समुद्री घोड्यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. किनाऱ्यावर मेलेला तुकडा सापडला तरी उचलू नये. तुमचे कोरडे दगड पुरेसे आहेत, त्यांची भोकं मोजा, कायद्याची नको.

तर नवं पाणी, बीज, एक ग्रॅम. मग काय दिसतं?

पहिल्या दोन-तीन दिवसांत पाणी तांदळाच्या धुवणासारखं होऊ शकतं. घाबरू नका, फिल्टर धुऊ नका, ते दुसरेच जिवाणू आहेत आणि आपोआप बसतात. अमोनिया दोनवर तसाच राहील, हलणार नाही, आणि याच दिवसांत माणसं धीर सोडतात. बीज चांगलं असेल तर आठवड्याभरात, नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी एके दिवशी अमोनिया १ दिसेल आणि नायट्राइट पहिल्यांदा जांभळट होईल. हाच पहिला शुभशकुन. अमोनिया शून्याला टेकला की पुन्हा एक ग्रॅम. नायट्राइट मात्र चढत जाईल आणि दहा-पंधरा दिवस खाली यायचं नाव घेणार नाही, कारण दुसऱ्या टोळीचं काम पहिलीने वाढल्यावरच सुरू होतं. तो ५ च्या पुढे गेला तर ग्रॅम टाकणं दोन दिवस थांबवा, नाहीतर पाणी बदला.

नायट्राइटविषयी एक दिलासा. गोड्या पाण्यात तो रक्त तपकिरी करून मासा गुदमरवतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला १९ ग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतं, ते कल्ल्यांच्या दारात आधीच गर्दी करून उभं असतं, त्यामुळे नायट्राइट आत फारसा शिरत नाही. म्हणून खाऱ्या टाकीत तो विषापेक्षा खूण म्हणून जास्त कामाचा आहे. काम अर्धवट आहे, एवढं तो सांगतो.

आणि एक सापळा. या मधल्या दिवसांत नायट्रेट मोजू नका. नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग रंग दाखवतं, त्यामुळे पाण्यात आधीच नायट्राइट असला की तोही त्यात मोजला जातो. मला फोन येतात, "नायट्रेट शंभर आलाय, संपलं सगळं!" काही संपलेलं नसतं. नायट्राइट शून्य झाल्यावर मोजा.

किट वाचायची एक रीत आहे, ती पहिल्यापासून लावून घ्या. नळी टाकीच्याच पाण्याने दोनदा खंगाळायची. पाच मिलिलिटर पाणी खुणेपर्यंत म्हणजे पाण्याची वाकलेली कड जिथे सर्वात खाली येते तिथपर्यंत. थेंब टाकताना बाटली सरळ उभी उलटी धरायची, तिरकी धरली की थेंब लहान पडतो. मग घड्याळ लावून पाच मिनिटं, अंदाजे पाच मिनिटं नव्हे. नळी पांढऱ्या कार्डाला टेकवून खिडकीच्या उजेडात बघायची. आमच्या घरी रात्री पिवळ्या बल्बखाली बघायची सवय होती, तेव्हा पिवळा आणि हिरवट यांतला फरकच दिसायचा नाही आणि मी आनंदाने शून्य लिहून ठेवायचो. एकदा सकाळी तीच नळी ओट्यावर राहिली, उजेडात बघितली तर चक्क पोपटी. तेव्हापासून मोजणी सकाळी, चहाआधी. किटच्या बाटल्या टाकीखालच्या कपाटात ठेवू नका, तिथली दमट गरमी त्यांना लवकर खराब करते. तारीख उलटलेलं किट दुकानात अर्ध्या किमतीत मिळतं, ते तिथेच राहू द्या.

लाइट आजपासून बंद. जिवाणूंना उजेडाचं काम नाही, उलट उजेडात नवा अमोनिया आणि नायट्रेट शेवाळ पळवतं. पंपाचं तोंड मात्र पाण्याच्या वरच्या थराकडे वळवा, पाणी डचमळलं पाहिजे. या जीवांना प्राणवायू भरपूर लागतो, आणि २७ अंशांच्या खाऱ्या पाण्यात तो लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो, गोड्या पाण्यात मावतो त्याहून कमी. हीटर जुलैत लागत नाही, खोलीच २७-२८ असते. उन्हाळ्यात काय करायचं ते तेव्हा बघू, पण एवढं सांगून ठेवतो: पाण्यावर पंखा लावून गार करायची युक्ती मार्चमध्ये चालते, पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की पाणी उडत नाही आणि गारही होत नाही.

लाइट गेली तर? पावसाळ्यात जाणारच. तास-दोन तासांनी काही बिघडत नाही. डब्यासारखा बंद फिल्टर असेल तर मात्र सहा-आठ तासांनी आतला प्राणवायू संपतो, जीव मरतात, आणि लाइट आल्यावर ती सगळी घाण एकदम टाकीत येते. तेव्हा तो आधी उघडून टाकीतल्याच पाण्यात विसळायचा आणि मग चालू करायचा. इन्व्हर्टरवर एक छोटा पंप ठेवलात तर हा प्रश्नच उरत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लाइट न लावताही वाळूवर तपकिरी भुकटी दिसू शकते. डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ. पुसून टाका नाहीतर दुर्लक्ष करा, सिलिका संपली की जाते.

आता परीक्षा. दिवस मोजून टाकी पास होत नाही. सकाळी ७ वाजता एक ग्रॅम टाका. तासाभराने अमोनिया मोजा, दोनच्या आसपास आला पाहिजे. हे महत्त्वाचं आहे, कारण ताटात वाढलं होतं याचा हा पुरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता पुन्हा मोजा. अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य, तर पहिला पेपर पास. लगेच पुन्हा एक ग्रॅम, तिसऱ्या दिवशी तेच. दोन्ही दिवस शून्य आलं तरच मी त्या टाकीला सायकल झाली म्हणतो. अमोनिया शून्य पण नायट्राइट थोडा उरतोय, तर आठवडाभर थांबून पुन्हा. पीएच धरून ठेवणारा क्षार, म्हणजे अल्कलिनिटी (किटवर dKH), हे काम चालू असताना हळूहळू घटते. ती सातच्या खाली गेली असेल तर थोडी वाढवून घ्या, कारण तिच्यावाचूनही हे जीव अडून बसतात. मग निम्म्याहून जास्त पाणी बदलून नायट्रेट दहा-वीसच्या खाली आणा.

पास झालेल्या टाकीत लगेच मासे घालायचे नसतील तर तिला उपाशी ठेवू नका. दोन दिवसाआड पाव ग्रॅम पुरे.

राहिली चवथ. आजपासून सगळं नीट केलंत, बीज चांगलं मिळालं, तर सात आठवड्यांत टाकी पास होईल असं मला वाटतं. पण पास झाली तरी चवथीच्या आधी मासे घालू नका, असंच मी सांगेन. तुम्हीच लिहिलंय, मुलगी आली की दुसऱ्या दिवशी सगळे पाच दिवसांसाठी पेडण्याला. नवे मासे, बंद फ्लॅट, पाऊस, लाइटचा भरवसा नाही, आणि खाणं टाकायला शेजारचा मुलगा, जो प्रेमाने मूठभर टाकेल. शिवाय घर बंद करण्याआधी झुरळांचा फवारा मारायची आपल्याकडे पद्धत आहे, हवेचा पंप तो फवारा ओढून सरळ पाण्यात सोडतो. त्या दिवशी फवारा नको.

मुलीला काय दाखवायचं? तिच्या हातात नळी द्या. सकाळी चहाआधी तिला रंग वाचायला बसवा. माझ्या भाच्याला मी असंच बसवलं होतं, आता टाकीची वही तोच लिहितो.

पेडण्याहून आलात की आधी वाफेने गेलेलं पाणी आरओच्या पाण्याने भरून काढा, खाऱ्या पाण्याने नव्हे, मीठ उडून जात नाही. गुरुत्व १.०२६ ला आहे बघा. मग एक ग्रॅम, चोवीस तास, दोन्ही शून्य. तसं आलं तर दुकानात जा, डॅमसेलकडे बघू नका, बंदिस्त पैदाशीचे दोन लहान क्लाऊनफिश मागा, आणि पुढचे दोन आठवडे तिसरा मासा आणू नका.